पैसे जॅग्वारचे भरले, वसूल झाले गोठ्यापाशी

आधी व्यवहार सांगते. ब्राझीलमधल्या पान्तानाल या अफाट पाणथळ प्रदेशाची चार रात्रींची सहल, माणशी नऊ हजार रिआल. त्यात कुयाबा विमानतळावरून ने-आण, राहणं, जेवण आणि बोट. पहिल्या दोन रात्री ट्रान्सपांतानेइरा रस्त्यालगतच्या एका फझेंदावर, म्हणजे गुरांच्या मोठ्या वाडीवर, आणि पुढच्या दोन रात्री रस्ता जिथे संपतो त्या पोर्तो जोफ्रेला, नदीकाठच्या लॉजवर. कंपनी एकच. मी एकसष्ट वर्षांची, कंबर नाजूक, मांस-मासे वर्ज्य. सोबत साओ पावलोला नोकरी करणारी मुलगी. तिच्या पोर्तुगीजवरच माझं सगळं चाललं. महिना सप्टेंबर.

कंपनीच्या माहितीपत्रकात पानोपान जॅग्वार, म्हणजे बिबट्याचा इथला दांडगा भाऊबंद. फझेंदाबद्दल एकच ओळ, 'वाटेतला विसावा'. ज्याने ही ओळ लिहिली तो तिथे एक दिवस तरी राहिला असेल का, अशी मला शंका आहे.

रस्ता पोकोने गावाबाहेरून सुरू होतो. सुमारे १४५ किलोमीटर, मातीचा. १९७० च्या दशकात तो पार दक्षिणेला कोरुम्बापर्यंत न्यायचा बेत होता, पण पोर्तो जोफ्रेच्या पुढे तो काही गेला नाही. वाटेत शंभरावर पूल. पूर्वी सगळे लाकडी होते, आता बरेच काँक्रीटचे झालेत. आमच्या गाडीचा एसी पोकोने यायच्या आधीच बसला. काच उघडावी तर धुळीने तोंड माखायचं, लावावी तर भट्टी. ड्रायव्हर म्हणाला, "कालच दुरुस्त केला होता." बरं. पण पावसाळा सरला की उरलंसुरलं पाणी या पुलांखालच्या डबक्यांत राहतं, त्यामुळे दर पुलावर गाडी थांबवावीशी वाटते. जाकारे, म्हणजे इथल्या लहान मगरी, ओंडके रचून ठेवल्यासारखे पडलेले, आणि त्यांच्यामधून तुयुयू फिरतोय. काळं डोकं, लाल गळा, माझ्या छातीला लागेल एवढा उंच करकोचा. हा पान्तानालचा मानाचा पक्षी. त्याची चालही तशीच, सरपंचासारखी.

फझेंदावरची खोली साधी. पंखा, मच्छरदाणी, आणि संडासाच्या भांड्यात मुक्कामाला असलेले दोन बेडूक. तक्रार केली तर स्वयंपाकघरातली बाई हसून म्हणाली, ते इथलेच आहेत. दोन दिवसांनी मीच आत जायच्या आधी दार वाजवायला लागले.

तिथे एक म्हातारे गुराखी होते. सत्तरीचे, जन्म घोड्यावर गेलेला, मला 'दोना', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे. कंपनीच्या वेळापत्रकात त्यांच्याबरोबर 'घोडेस्वारी, एक तास' एवढंच होतं. माझी कंबर घोड्याला राजी नव्हती, म्हणून मी कुंपणापाशी बाकावर बसले आणि तास संपल्यावर तेही येऊन बसले. सहलीतलं सगळ्यात चांगलं जे काही झालं ते या बाकावर.

समोरच्या अकुरीच्या माडांखाली आठ-दहा निळे मकाव, म्हणजे मोठे पोपट, जमिनीवर उतरले होते. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब, गडद निळे, डोळ्याभोवती पिवळं कडं. मी विचारलं, हे गुरांच्या पायाशी काय टिपतात? तर अकुरीचं फळ गुरं खातात, गर पचतो आणि टणक बी शेणातून बाहेर पडते. मकावला ती आयती सोललेली मिळते, मग चोचीने फोडायची. म्हणून गुरांचं आवार ही त्यांची खानावळ. घरट्याचा मामला त्याहून गुंतागुंतीचा. ते बहुतेक मांदुवी या एकाच झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, आणि पुरेशी मोठी ढोली व्हायला झाड साठेक वर्षांचं तरी लागतं. त्या झाडाच्या बिया पसरवतो टूकान, हा भल्या मोठ्या चोचीचा पक्षी. आणि मकावची अंडी पळवून खातो तोही टूकानच. "मग त्याला हाकलायचं की ठेवायचं?" मी विचारलं. म्हातारबुवांनी खांदे उडवले. "आम्हाला कोण विचारतंय, दोना?"

पाण्याचं गणितही त्यांनीच समजावलं. पाऊस साधारण ऑक्टोबर ते मार्च, उत्तरेकडे आणि भोवतालच्या पठारांवर. जमिनीला उतार किलोमीटरमागे काही सेंटीमीटरच, म्हणून ते पाणी दक्षिण टोकाला पोचायला महिने घेतं. तिकडे पूर चढतो तेव्हा आभाळ कोरडं असतं. पाणी आलं की गुरं 'कोर्दिल्येरा'वर न्यायची. या शब्दाचा अर्थ पर्वतरांग. प्रत्यक्षात ती आजूबाजूपेक्षा मीटर-दोन मीटर उंच असलेली झाडीची पट्टी. सपाटीवर जन्म काढला की एवढा चढही पर्वतच.

ते गुराच्या शिंगातून तेरेरे पीत होते. येर्बाची कुटलेली पानं, थंड पाणी आणि धातूची नळी. शिंग माझ्याकडे आलं, मी प्यायले, आणि शहाण्यासारखं "ओब्रिगादा" म्हणाले. मग ते चारदा फिरलं आणि चारही वेळा मला टाळून गेलं. मुलीने नंतर सांगितलं, "आई, आभार मानले की त्याचा अर्थ 'आता पुरे'." दुसऱ्या दिवशी तोंड मिटून बसले.

जेवणात भात, काळी-तांबडी कडधान्यं आणि केळ्याची फारोफा, म्हणजे केळं घालून परतलेलं कसाव्याचं पीठ. आरक्षण करताना मी शाकाहारी असं दोनदा लिहिलं होतं. पहिल्याच रात्री राजम्यात सॉसेज निघालं. "थोडंसंच आहे," असं उत्तर. इथे कंपनीचा एक तारा कापला.

आता नदी. पोर्तो जोफ्रेहून पहाटे अल्युमिनियमच्या बोटीतून कुयाबा नदीवर निघायचं, मग त्रेस इर्मांवसारख्या शाखांत शिरायचं. हा भाग एन्कोन्त्रो दास आग्वास या राज्य उद्यानात येतो. पूर्वी इथे मासेमारीच्या हौशी लोकांचीच गर्दी असे, आता जॅग्वारच्या. दोन दिवसांत पाच दिसले. दाट ठिपक्यांचा, बिबट्याहून आडवा, जबड्याने जाकारेची कवटी फोडणारा प्राणी वीस मीटरवर पाणी पितोय, हे दृश्य खोटं नाही आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवते ती नावाड्यांच्या रेडिओला. एकाला दिसला की सगळ्यांना कळतं. एका वेळी मी सतरा बोटी मोजल्या. आमचा नावाडी अंतर राखून होता, मांस टाकून बोलावणं बेकायदा आहे हे त्याने आपणहून सांगितलं. शेजारच्या बोटीने मात्र नाक थेट फांद्यांत घुसवलं, आणि जनावर उठून गेलं.

तरी या बोटींचा दुसरा हिशेबही आहे. २०१७ च्या एका अभ्यासात इथल्या जॅग्वार-पर्यटनाची वर्षाची उलाढाल सुमारे ६८ लाख डॉलर निघाली, तर त्याच भागात जॅग्वारांनी मारलेल्या गुरांचं नुकसान सुमारे सव्वा लाख डॉलर. म्हातारबुवांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, गुरं कोणाची आणि डॉलर कोणाचे.

काठावर अजून काळे बुंधे उभे आहेत. २०२० च्या आगीत पान्तानालचा जवळपास तीस टक्के भाग जळाला, या उद्यानाचा तर बहुतेक सगळा. नावाड्याने ते बोट न थांबवता, मान न वळवता सांगितलं.

नदीवर मला सगळ्यात आवडले ते अरिरान्या, माणसाएवढे लांब पाणमांजर. प्रत्येकाच्या गळ्यावरचा पांढरट ठसा वेगळा. पाच जणांचं कुटुंब काठाशी बसून मासे डोक्यापासून चावत होतं, कडाकडा, आपण काकडी खातो तसं. तिथे आमची एकटीच बोट होती.

माझा सल्ला: रात्रींची वाटणी बदलून घ्या, तीन फझेंदावर आणि एक नदीवर. फोनवर आधी 'असं होत नाही' म्हणतात, लेखी मागितलं की होतं. रिआल रोख घेऊन जा, पोकोनेच्या पुढे एटीएम नाही. आणि गाडी निघायच्या आधी एसी लावून दाखवायला सांगा.