खाण्यातले बेसिक (धनभारित) रंग तपासायचेत: असलेला सी-१८ कॉलम चालेल की मिक्स्ड-मोड घ्यावा?

२०२४ च्या सुरुवातीला गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी आणली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकाने ऱ्होडामाइन-बीसारखे (हा खाण्यात बंदी असलेला गुलाबी रंग) कृत्रिम रंग सापडल्यावर रंग घातलेल्या गोबीला मनाई केली. गोव्यातल्याच वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या एखाद्या छोट्या प्रयोगशाळेला आता अशा रंगांच्या तपासणीचं काम घ्यावंसं वाटलं, तर द्रव क्रोमॅटोग्राफीचा सी-१८ कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करणारी, तेलकट साखळ्या लावलेल्या सिलिका कणांची नळी) औषधांच्या कामामुळे बहुधा तिथे असणारच. प्रश्न नव्या खर्चाचा आहे.

फक्त ऱ्होडामाइन-बी शोधायचा असेल तर नवा कॉलम घेऊ नका. सी-१८, थोडं फॉर्मिक आम्ल आणि ५५४ नॅनोमीटरच्या आसपास डिटेक्टर, एवढ्यात भागतं.

अडचण येते ती मॅलकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट, मिथिलीन ब्लू असे अनेक रंग एकत्र आले की. यांच्या रेणूवर कायमचा धन प्रभार असतो. सी-१८ रेणूला धरतो तो तेलकटपणावर; पण सिलिकावर उरलेले सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट) या प्रभाराला ओढतात आणि पीकला, म्हणजे आलेखावरच्या त्या रंगाच्या शिखराला, शेपूट फुटतं. त्यावर जुना उतारा आयन-पेअरचा, म्हणजे धन प्रभाराशी जोडी जमवणारं हेप्टेन सल्फोनेटसारखं ऋणभारित द्रव्य वाहत्या द्रावणात मिसळायचं. पीक सुधारतात. पण कॉलम स्थिरावायला वेळ खातो, मग तो याच कामाला वाहिलेला बरा, आणि मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) असेल तर ही वाट मला तरी नको वाटते.

या कामाच्या मिक्स्ड-मोड कॉलममध्ये एकाच कणावर तेलकट साखळी आणि ऋण प्रभाराचा गट असतो. त्यामुळे ॲसिटोनायट्राइल हे द्रावक, अमोनियम फॉर्मेट या बफरचं प्रमाण आणि पीएच या तिन्हींनी पीक पुढेमागे सरकवता येतात. फॉर्मेट वाढवलं की धनभारित रंग लवकर बाहेर पडतात. आणखी एक फायदा मला मोठा वाटतो: टार्ट्राझीन, सनसेट यलो यांसारखे परवानगी असलेले सल्फोनेटेड रंग ऋणभारित असल्याने असा कॉलम त्यांना दूर लोटतो. ते आधीच निघून जातात आणि बंदी असलेले बेसिक रंग मागे राहतात.

मासळी आणि कोळंबीचे नमुने येणार असतील तर माझं मत मिक्स्ड-मोड आणि मास स्पेक्ट्रोमीटर असं आहे. मॅलकाइट ग्रीन माशाच्या अंगात रंगहीन ल्युको रूप घेतं, ते ६१७ नॅनोमीटरला, जिथे हिरवं रूप पकडतात, दिसतच नाही. युरोपला निर्यात करणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२२ पासून दोन्ही रूपं मिळून किलोला ०.५ मायक्रोग्रॅम हा कारवाईचा आकडा आहे. ल्युकोवर कायमचा प्रभार नसल्याने पीएच बदलून दोघांमधलं अंतर हवं तसं ठेवता येतं.

मिक्स्ड-मोडचे तोटेही आहेत. बफर बदलल्यावर तो सी-१८ पेक्षा उशिरा स्थिरावतो, आणि तयार पद्धती कमी सापडतात, म्हणजे पद्धत बसवायला माणूस हवा. कॉलम कुठलाही घ्या, नमुने पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांत ठेवा. काचेलाही सिलॅनॉल असतात, आणि अगदी कमी प्रमाणातले रंग तिथेच चिकटून राहतात.