ॲलॉय फ्रीहब न खाणारी कॅसेट: कुठली घ्यावी?

जुनी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) काढायला घ्यावी, ती आवळून धरणारी लॉकरिंग सुटावी आणि तरी मधले दोन-तीन कॉग, म्हणजे चकत्या, जागचे हलू नयेत, तर ओळखायचं की कॉग फ्रीहब बॉडीत, म्हणजे कॅसेट जिच्यावर चढते त्या हबवरच्या नळीत, रुतले आहेत. जोर लावून ते निघाले की बॉडीच्या प्रत्येक स्प्लाइनच्या (बॉडीवरच्या लांब उंचवट्याच्या) एकाच कडेला, कॉगच्या जाडीइतक्या रुंद खाचा दिसतात. खाचेच्या तोंडाशी धातू वर उचलून आलेला असतो. नखानेही तो लागतो. कॉग स्टीलचा, बॉडी ॲलॉयची, म्हणजे ॲल्युमिनियमची. पेडलचा सगळा जोर कॉगच्या पातळ कडेतून स्प्लाइनवर येतो आणि मऊ धातू हार मानतो.

बॉडी नवी घ्यायची तर ती महागात पडते, आणि नेमक्या त्या हबची मिळेपर्यंत सायकल उभी राहते ती वेगळीच. म्हणून ॲलॉय बॉडी असलेल्याने कॅसेट निवडताना वजन आणि दात पाहण्याआधी कॅसेट उलटी करून मागची बाजू पाहावी. उत्तर तिथेच असतं.

जोर किती पडतो

एक ढोबळ हिशोब करून पाहू. ७५ किलोचा माणूस सिंहगडाच्या चढावर उभं राहून पूर्ण वजन एका पेडलवर टाकतो. क्रँक (पेडलचा दांडा) १७५ मिमीची, म्हणजे क्रँकवर सुमारे १२९ न्यूटन-मीटर. पुढे ३२ दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे २८ चा कॉग असेल तर फ्रीहबवर ११३ न्यूटन-मीटर पोचतात. शिमानोच्या नेहमीच्या एचजी बॉडीवर नऊ स्प्लाइन असतात आणि त्या मध्यापासून साधारण १७ मिमीवर येतात. तेवढ्या अंतरावर हा जोर सुमारे ६,६०० न्यूटन होतो, म्हणजे पावणेसातशे किलोचा भार.

आता कॉगची जाडी १.६ मिमी आणि स्प्लाइनची उंची दीड मिमी धरली, तर नऊही स्प्लाइन मिळून टेकायला जेमतेम २२ चौरस मिमी जागा मिळते. दाब निघतो ३०० मेगापास्कलच्या वर. ६०६१-टी६ ॲल्युमिनियम २७६ च्या आसपास कायमचं दबायला लागतं. ७०७५-टी६ पाचशेपर्यंत तग धरतं, पण नव्या कॅसेटचा कॉग नऊही स्प्लाइनला एकसारखा टेकत नाही. सुरुवातीला भार दोन-तीन स्प्लाइनवरच पडतो आणि तिथे पहिली खाच पडते. त्यातच एचजी बॉडीवर कॅसेट सरळ बसावी म्हणून एक स्प्लाइन मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. ती सगळ्यात आधी वाकते.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. ११ च्या कॉगवर तोच जोर फक्त ४४ न्यूटन-मीटर होतो, तर ४२ च्या कॉगवर १६९. म्हणजे छोटे कॉग सुटे असले तरी फारसं बिघडत नाही. २१ च्या पुढचे मात्र सुटे असू नयेत. पुढे एकच चेनरिंग असेल तर चढावर बराच वेळ २१ ते ३२ च्या पट्ट्यातच जातो, म्हणून जखमाही बहुतेक तिथेच दिसतात.

कॅसेटच्या तीन जाती

पहिली, सुट्या कॉगची. एक कॉग, एक स्पेसर, पुन्हा कॉग. प्रत्येक कॉग आपला भार एकटा वाहतो. छोट्या कॉगसाठी चालेल, मोठ्या कॉगसाठी ॲलॉय बॉडीवर नकोच.

दुसरी, रिव्हेटची. पाच, सहा किंवा त्याहून जास्त कॉग तीन-चार लांब पिनांनी एकत्र शिवलेले असतात. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक कॅसेट अशाच. पिनांमुळे ओढला गेलेला कॉग शेजाऱ्यांनाही थोडा भार देतो. थोडाच, कारण पिना बारीक असतात आणि किंचित लवतात. खाचा पडतात, पण उथळ. धुवायला सोपं जावं म्हणून या पिना ग्राइंडरने उडवण्याची पद्धत आहे. स्टील बॉडीवर ते खपून जातं. ॲलॉय बॉडी असेल तर पिनांना हात लावू नका.

तिसरी, स्पायडरची. मोठे दोन-तीन कॉग एका ॲल्युमिनियमच्या पंज्यावर बसवलेले असतात आणि बॉडीला तो पंजाच टेकतो, कॉग नाही. तीन कॉगच्या स्पायडरची बैठक साधारण ९ मिमी रुंद धरली, तर ४२ च्या कॉगचा पूर्ण जोर येऊनही दाब ८०-८५ मेगापास्कलवर उतरतो. त्या दाबाला ६०६१ सुद्धा दाद देत नाही.

दुकानात ओळखायचं असं: कॅसेट उलटी धरा आणि मधल्या भोकातून आत पाहा. आतल्या बाजूला पातळ स्टीलच्या कडा एकाखाली एक दिसल्या तर ती सुटी किंवा रिव्हेटची. रुंद, सलग ॲल्युमिनियमची भिंत दिसली तर स्पायडर. खोक्यावर ‘ॲलॉय स्पायडर’ लिहिलेलं असलं तरी मोजून घ्या. एकच स्पायडर दोन कॉगचा असतो आणि तिसरा-चौथा मोठा कॉग सुटा, असंही होतं.

दहा स्पीड

मागे दहा कॉग असतील तर निवड सोपी आहे. शिमानोची एक्सटी एम७७१-१०, ११-३६ (सर्वांत छोट्या कॉगला ११ दात, सर्वांत मोठ्याला ३६), मिळाली तर डोळे मिटून घ्या. मोठे कॉग स्पायडरवर आणि वजनही हलकं. ती न मिळाल्यास शिमानोचीच एसएलएक्स एचजी८१-१०. दात तेच: ११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८-३२-३६. तिच्यातही सर्वांत मोठे कॉग स्पायडरवर आहेत. ४० किंवा ४२ हवे असतील तर सनरेसची एमएक्स३ पाहा, तीही स्पायडरची. जुन्या ३६ च्या कॅसेटमागे एक सुटा ४२ चा कॉग लावायचा जुगाड ॲलॉय बॉडीवर करू नका. सगळ्यात जास्त जोर एका सुट्या कॉगवर येतो, म्हणजे नेमकी नको तीच गोष्ट.

अकरा स्पीड: खरी अडचण इथे

सध्या ॲलॉय हब आणि एचजी बॉडी असलेल्या बऱ्याच चांगल्या माउंटन बाइक अकरा स्पीडच्या आहेत आणि पर्यायही इथेच जास्त. शिमानो एक्सटी एम८००० आणि सनरेस एमएक्स८, दोन्ही ११-४६ मध्ये मिळतात, दोन्हींत मोठे कॉग स्पायडरवर आहेत, म्हणजे बॉडीच्या दृष्टीने दोन्ही चालतील. फरक दातांच्या चढणीत आहे.

एक्सटी: ११-१३-१५-१७-१९-२१-२४-२८-३२-३७-४६.
सनरेस: ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२-३६-४०-४६.

एक्सटीमध्ये ३७ वरून थेट ४६, म्हणजे २४ टक्क्यांची उडी. चढावर दमलेल्या पायांना ती जाणवते: ३७ जड वाटतं आणि ४६ टाकलं की पाय हवेत फिरतात. सनरेसमध्ये तिथे ४० आहे, उडी १५ टक्क्यांची. त्याची किंमत खालच्या बाजूला मोजावी लागते. १५ वरून १८ ही मोठी उडी सपाट रस्त्यावर खटकते. डोंगरात जास्त चालवणाऱ्याने सनरेस घ्यावी, घर ते ऑफिस आणि रविवारी ट्रेल अशा माणसाने एक्सटी. गिअर पडण्याचा हळुवारपणा एक्सटीचा सरस आहे, भार असताना तर नक्कीच.

४६ लागतच नसेल तर एक्सटीची ११-४२ आमच्या मते या सगळ्यांत सर्वांत समतोल आहे. ३२-३७-४२ असे कॉग येतात, उड्या सारख्या राहतात आणि डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बी-स्क्रूशी, म्हणजे कॉगपासूनचं तिचं अंतर जुळवणाऱ्या स्क्रूशी, झटापट करावी लागत नाही.

स्रॅमची पीजी-११३० स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण रिव्हेटची. ॲलॉय बॉडीवर ती चालेल, फक्त वर्षातून एकदा काढून खाचा पाहाव्या लागतील. ८५-९० किलो वजनाच्या आणि उभं राहून पेडल मारायची सवय असलेल्या माणसाने ती स्टील बॉडीवरच लावावी.

स्पायडरची कॅसेट घेतली म्हणजे बॉडी कोरी राहील असंही नाही. २१ आणि त्याखालचे कॉग सुटेच असतात आणि २१ वर दाब आपल्या हिशोबात २३० मेगापास्कलच्या आसपास येतो. तिथे हलके ओरखडे पडणार. कॉग नऊही स्प्लाइनला टेकले की त्या खाचा वाढायच्या थांबतात. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

बारा स्पीड: कॅसेट बदलायची की बॉडी?

एचजी बॉडीवर ११ पेक्षा छोटा कॉग बसत नाही. म्हणून एचजीवर बारा स्पीड म्हणजे बहुतेक ११-५०. स्रॅमच्या एसएक्स आणि एनएक्स ईगल (पीजी-१२१० आणि पीजी-१२३०) याच जातीच्या, दोन्ही ६१५ ग्रॅमच्या आसपास. बहुतेक कॉग पिनांनी एकत्र बांधलेले असल्याने सुट्या कॅसेटपेक्षा बऱ्या. पण ५० च्या कॉगवर आपला तोच ७५ किलोचा माणूस २०० न्यूटन-मीटर टाकतो. मऊ बॉडीवर त्याचे वळ उठतात.

या टप्प्यावर पैसे कॅसेटऐवजी बॉडीवर घालणं शहाणपणाचं. हबला एक्सडी ड्रायव्हर (वेगळ्या रचनेची फ्रीहब बॉडी) मिळत असेल तर तो प्रश्न कायमचा सुटतो. २०१२ मध्ये स्रॅमने तो आणला तेव्हापासून त्याची रचना तीच आहे: पूर्ण कॅसेट एक नळी म्हणून ड्रायव्हरवर आट्यांनी चढते आणि सुट्या कॉगची कड कुठेच टेकत नाही. जीएक्स ईगलची एक्सजी-१२७५ सुमारे ४५० ग्रॅमची आहे, म्हणजे एनएक्सपेक्षा १६५ ग्रॅम कमी, आणि १० चा कॉगही मिळतो.

शिमानोकडे जायचं तर मायक्रोस्प्लाइन. २०१८ मध्ये एक्सटीआर एम९१०० सोबत आलेल्या या बॉडीवर नऊऐवजी २३ स्प्लाइन आहेत. भार जास्त ठिकाणी वाटला जातो, म्हणून ॲलॉय बॉडीही टिकते. १०-५१ मध्ये डिओर एम६१०० सुमारे ५९३ ग्रॅम, एसएलएक्स ५३४, एक्सटी ४७०. ट्रेलवर रगडायची सायकल असेल तर डिओर घ्या. कॉग सगळे स्टीलचे आहेत, झिजते हळू. वजनाचं पडलेलंच असेल तर थेट एक्सटी.

बॉडी तीच, पण स्टीलची

होपसारख्या काही कंपन्या त्याच हबसाठी ॲलॉय आणि स्टील अशा दोन्ही एचजी बॉडी देतात. नोव्हाटेकच्या काही ॲलॉय बॉडीत एका स्प्लाइनच्या कडेला स्टीलची पट्टी बसवलेली असते, कॉग तिच्यावर टेकतो आणि रुतत नाही. हब नवा घेत असाल तर ही पट्टी आहे का ते विचारा. स्टील बॉडीने वजन थोडं वाढतं, पण मग कुठलीही स्वस्त कॅसेट बिनघोर लावता येते. जास्त चालवणाऱ्याला दोन-तीन कॅसेट बदलेपर्यंत स्टीलच स्वस्त पडतं. ई-माउंटन बाइकवर तर दुसरा विचार नको. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटर ८५ न्यूटन-मीटर देते आणि तो जोर पायांच्या जोरात मिळून फ्रीहबवर येतो.

बसवताना

बॉडी कोरड्या फडक्याने पुसून स्प्लाइनवर ग्रीसचा पातळ हात फिरवा. ग्रीसने रुतणं थांबत नाही, पण स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना गंजून चिकटत नाहीत. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेत हे विसरलं तर एका पावसाळ्यात कॅसेट बॉडीला धरून बसते.

सुटे कॉग चढवल्यावर प्रत्येक कॉग हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे पेडलच्या दिशेने दाबून धरा आणि मगच लॉकरिंग आवळा. असं केल्याने सगळे कॉग आधीच स्प्लाइनच्या कडेला टेकलेले राहतात आणि पहिल्या चढावर धक्का बसत नाही. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला. हा आकडा हाताच्या अंदाजापेक्षा बराच जास्त आहे. टॉर्क रेंच नसेल तर आवळताना लॉकरिंगचे दाते आठ-दहा वेळा करकर वाजले पाहिजेत. ढिली लॉकरिंग म्हणजे डुलणारे कॉग, आणि डुलणारा कॉग दुप्पट खातो. अकरा स्पीड रोडच्या लांब बॉडीवर माउंटन कॅसेट लावत असाल तर मागे १.८५ मिमीचा स्पेसर हवाच, नाहीतर लॉकरिंग तळाला लागते आणि कॅसेट सैल राहते. शंभरेक किलोमीटरनंतर लॉकरिंग एकदा पुन्हा तपासा.

आधीच रुतली असेल तर

कॉग पेडलच्या दिशेने रुतलेला असतो, म्हणून तो उलट्या दिशेने फिरवून सोडवायचा. एक चेनव्हिप (चेनचा तुकडा जोडलेला दांडा) मोठ्या कॉगवर अडकवून पुढच्या दिशेने धरा, दुसरी रुतलेल्या कॉगवर उलट्या दिशेने. टक् असा आवाज होऊन कॉग सुटतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, कॉग वाकतो आणि स्प्लाइनचा तुकडा उडतो.

खाचेच्या तोंडाशी उचललेला धातू बारीक सपाट कानसने उतरवा, कानस हबच्या अक्षाच्या दिशेने लांब फिरवा. खाच स्वतः भरून येत नाही, तिला घासू नका. ॲल्युमिनियमचा कीस बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून सीलच्या कडेला आधी फडकं गुंडाळा. खाच स्प्लाइनच्या रुंदीच्या अर्ध्याच्या आत असेल तर स्पायडरची कॅसेट लावून बॉडी चालू ठेवा. अर्ध्याच्या पुढे गेली असेल, किंवा अरुंद स्प्लाइन मुळातून वाकली असेल, तर बॉडी बदला. तिच्यावर महागडी कॅसेट चढवलीत तर तीही डुलायला लागेल आणि पुढच्या वेळी निघणार नाही.