साठचा पेग, अठ्ठेचाळीसचं माप

नाशिकमधल्या एका परमिट रूममध्ये आम्ही तिघं दर शनिवारी बसायचो. कोपऱ्यातलं तेच टेबल, वेटर तोच. प्रत्येकी दोन लार्ज, शेंगदाणे, मसाला पापड आणि साडेदहाला घरी. चार वर्षं असं चाललं. मधल्या काळात माझ्या लक्षात आलं की दोन लार्ज पोटात गेले तरी काहीच होत नाही. मग तिसरा सुरू झाला. खरं सांगतो, वयाच्या बावन्नाव्या वर्षी कपॅसिटी वाढली म्हणून मी मनातून खूशच होतो.

हा गैरसमज दिवाळीत उतरला. बायको माहेरी गेलेली, म्हणून मित्राच्या गच्चीवर बसलो. त्याचं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे मोजमाप म्हटलं की त्याचा हात अंदाजाने चालतच नाही. सीलबंद चपटी फोडली, १८० मिली, म्हणजे बरोबर तीन लार्ज. त्याने तीन ग्लासांत मोजून साठ-साठ ओतली. ग्लास बघूनच मी म्हटलं, "अरे, एवढी कशाला भरलीस?" दुसरी चपटी फुटली आणि दुसऱ्या पेगलाच माझे कान गरम झाले.

पुढच्या शनिवारी मित्र खिशात २० मिलीची नवी कोरी सिरिंज घेऊन आला, सुई न लावलेली. एरवी आमचा पेग आतूनच बर्फ-सोडा घालून यायचा. त्या दिवशी सांगितलं, "लार्ज आण, पण नीट. बर्फ वेगळा, सोडा वेगळा." वेटर जरा घुटमळला. ग्लास आल्यावर मेनूकार्ड आडवं धरून मित्राने सिरिंजने ओढायला सुरुवात केली. पहिली वीसपर्यंत भरली, दुसरीही वीस. तिसरी आठवर थांबली आणि पुढे नुसती हवा. दुसरा ग्लास सत्तेचाळीस भरला. माझा जरा नशीबवान, पन्नास!

७५० मिलीच्या खंब्यातून साठच्या मापाने साडेबारा लार्ज निघतात. अठ्ठेचाळीसने पंधराच्या वर जातात. म्हणजे दर बाटलीमागे तीन पेग नुसत्या हवेचे. आम्ही चार वर्षं त्या हवेचे पैसे भरत होतो, वर वेटरला टीपही देत होतो.

काउंटरवर जाऊन माप मागितलं. स्टीलचं, बाहेरून झकास. आत बोट घातलं तर तळ वर उचललेला लागला, कुणीतरी खालून ठोकून फुगवल्यासारखा. वजनमापे खात्याचा शिक्का शोधला. खरं तर अशा मापावर वर्ष आणि तिमाहीचं अक्षर कोरलेलं असायला हवं. इथे त्या जागी घासल्याचे ओरखडे होते. वर ओतायची पद्धत अशी की माप काठापर्यंत भरतच नाही, बाटली झटक्यात वर उचलतात आणि लगेच ग्लासात पालथं करतात.

मॅनेजर आला. आवाज चढवला नाही, उलट हसला. "साहेब, घरचं गिऱ्हाईक तुम्ही. एक स्मॉल आमच्याकडून." मित्र म्हणाला, तो स्मॉल तरी तीसचा असेल का? मी तक्रारीचं नाव काढलं तेव्हा मात्र मॅनेजर खुर्ची ओढून बसला आणि हळूच म्हणाला, "करा ना. परमिट असेलच तुमच्याकडे?"

गप्प बसलो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्यालाही परमिट लागतं, आणि एक दिवसाचं पाच रुपयांचं परमिट आम्ही तिघांनी कधी काढलं नव्हतं. त्याने ते कधी मागितलं नव्हतं. का मागितलं नव्हतं, ते त्या क्षणी समजलं. दुधात पाणी सापडलं तर माणूस गल्ली डोक्यावर घेतो. पेग कमी भरला म्हणून कचेरीत जाऊन "मी तिथे प्यायला बसलो होतो" असं लिहून द्यायला मात्र कुणी धजत नाही. त्यांचा सगळा धंदा आपल्या या लाजेवर चालतो.

दुसऱ्याच आठवड्यात तिघांनी वर्षाची परमिटं काढली आणि मग जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात लेखी अर्ज दिला: तारीख, बिलाची प्रत, मापाच्या तळाचा मोबाइलवर काढलेला फोटो. (बिलावर 'लार्ज ६० मिली' असं छापलेलं होतं, तेच कामी आलं. बिल फाडून टाकू नका.) ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंद केली. मापाचा निकाल अजून लागायचाय.

सध्या आम्ही दुसरीकडे बसतो आणि सुटा पेग मागवत नाही. चपटी टेबलावर मागवायची, सील आपल्यासमोर फोडून घ्यायचं. सुटाच घ्यायचा असेल तर माप टेबलावर आणायला सांगायचं आणि बर्फ आधी पडू द्यायचा नाही. परवा नव्या वेटरने सवयीने विचारलं, "साहेब, रिपीट?" मी हो म्हणणार होतो, पण दोन लार्ज पोटात गेले होते आणि जिना उतरायचा होता.