जुनी सियाझ किंवा सिटी देऊन टर्बो सेडान घ्यायची? व्हर्ना की स्लाव्हिया-व्हर्टस, नागपूरच्या हिशेबाने

घरात सियाझ किंवा चौथ्या पिढीची सिटी आहे, गाडीची तक्रार काही नाही, पण ओव्हरटेक करताना दम कमी पडतो. अशांसाठी या बजेटमध्ये खरे दोन पर्याय आहेत: ह्युंदाई व्हर्नाचं १.५ टर्बो, आणि स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टसचं १.५ टीएसआय (त्यांच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचं नाव). स्लाव्हिया आणि व्हर्टस यांचं इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा एकच, म्हणून त्या इथे एकत्र धरल्या आहेत. पाचव्या पिढीची सिटी उत्तम गाडी आहे, पण तिच्यात १२१ पीएस (इंजिनाची ताकद) आणि तोच १४५ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ). चौथ्या पिढीच्या सिटीतून तिच्यात गेलात तर दम तेवढाच राहील.

सगळ्यांची नजर आधी पीएसवर जाते आणि तिथेच गफलत होते. सियाझ १०५, स्लाव्हिया १५०, व्हर्ना १६०. पण सियाझचं वजन साडेदहा क्विंटलच्या आसपास, स्लाव्हियाचं साडेबारा. टनामागे पाहिलं तर १०० चे १२० झाले, एवढंच. जाणवतो तो टॉर्क. सियाझचे १३८ न्यूटन-मीटर ४,४०० आरपीएमला हाती लागतात. व्हर्नाचे २५३ दीड हजारालाच, स्लाव्हियाचे २५० सोळाशेला, आणि दोन्हींत ते साडेतीन हजारापर्यंत टिकतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना एसटीच्या मागे अडकलात, की सियाझला दोन गिअर खाली आणून इंजिन ओरडवावं लागतं. टर्बोत एक गिअर खाली, कधी तेवढाही नाही.

या दोघींत १० पीएसचा फरक रस्त्यावर कळत नाही. निवड करायची ती गिअरबॉक्स, स्थिरता आणि मागच्या सीटवरून.

गिअरबॉक्सवर नागपूरकराने सर्वात जास्त विचार करावा. दोन्हींचा सात-गिअरी ऑटोमॅटिक ड्युअल-क्लच आणि कोरडा, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो, हवेवरच थंड होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, व्हरायटी चौकात किंवा मनीषनगरच्या गर्दीत गाडी वीत-वीत सरकते आहे; अशा वेळी क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो आणि तापतो. आधी सुटताना झटके येतात, मग जळका वास, शेवटी स्क्रीनवर तापल्याची सूचना. त्यावर उपाय सवयीचा आहे. पुढच्या गाडीला चिकटून सरकू नका. एक गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून स्वच्छ पुढे जा आणि पुन्हा पूर्ण थांबा. पुलाच्या चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेकवर धरा. ज्यांचं रोजचं निम्म्याहून जास्त चालणं अशा गर्दीतलं आहे, त्यांनी मॅन्युअल घ्यावी, किंवा स्लाव्हिया-व्हर्टसचं १.० टीएसआय टॉर्क-कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसह घ्यावं (यात घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे जाते). त्यात ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर आहेत, सियाझपेक्षा ठसठशीत जास्त, आणि टॉर्क-कन्व्हर्टर रांगण्याला घाबरत नाही. आमच्या मते शहरात राहणाऱ्या बऱ्याच जणांची खरी गाडी हीच आहे, १.५ च्या मोहात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. टर्बो-मॅन्युअल प्रत्येक व्हेरियंटमध्ये मिळत नाही, तेव्हा टोकन देण्याआधी विचारून घ्या.

समृद्धीवर चित्र पालटतं. तिथे कारची मर्यादा ताशी १२०. त्या वेगाला स्लाव्हिया-व्हर्टस रस्त्याला धरून बसते, लेन बदलताना गाडीचं अंग हलत नाही. व्हर्नाही स्थिर आहे, पण मऊ. लांबच्या लाटांवर मागचा भाग किंचित उशिरा सावरतो. हलका पाय ठेवला की टीएसआय चारपैकी दोन सिलिंडर बंद करतं, त्यामुळे सलग सपाट रस्त्यावर ते पेट्रोल वाचवतं. व्हर्नाच्या बाजूनेही दोन ठोस गोष्टी आहेत: टर्बोला चारही चाकांना डिस्क ब्रेक (स्लाव्हिया-व्हर्टसला मागे ड्रम), आणि वरच्या ऑटोमॅटिकला पुढच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल.

ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत २०२३ साली तिघींनाही पाच तारे मिळाले, मात्र व्हर्नाचा सांगाडा अस्थिर ठरला आणि स्लाव्हिया-व्हर्टसचा स्थिर. सारखे तारे पाहून हा फरक सोडून देऊ नये.

मागे आई-बाबा बसणार असतील तर व्हर्ना. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,६७० विरुद्ध २,६५१ मिलिमीटर, पाय पसरायला आणि तिघांना बसायला तिच्यात जास्त जागा. डिकी जवळपास सारखीच, ५२८ आणि ५२१ लिटर. स्लाव्हिया-व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाची जमिनीपासूनची उंची) १७९ मिलिमीटर. आपल्याकडे नव्या सिमेंट रस्त्याची कड गल्लीपेक्षा वीतभर वर राहिलेली असते, तिथे तो कामाला येतो. तरीही पाच माणसं बसली असतील तर तिरकी चढवा, एका वेळी एक चाक.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोन-तीनला घ्या, चार माणसं बसवून, एसी पूर्ण लावून. वर्धा रोडच्या पुलाच्या चढावर थांबून पुन्हा सुटा, मग मोकळ्या पट्ट्यावर ४० वरून ८० पर्यंत न्या. सकाळी रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून यातलं काही कळत नाही.

घेतल्यावर दोन गोष्टी सांभाळा. समृद्धीवरून उतरून पंपावर थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोतलं तेल तिथेच करपत नाही. आणि टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. दुपारी चालून आल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतंच, ते कमी करू नका. कमी हवेचा टायरच काँक्रीटवर जास्त तापून फुटतो. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. डिलिव्हरीआधी पाचही टायरवर तो वाचा. जुना निघाला तर गाडी यार्डात किती पडून होती, ते विचारा.

पैशाचं. सप्टेंबर २०२५ पासून या सेडानवर जीएसटी ४० टक्के आहे, आधी सेससह ४५ होता. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, म्हणजे १६ लाखांवर १ लाख ९२ हजार. वर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा केलेला आगाऊ कर, एक टक्का. तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, पावती जपा.

एक्सचेंजमध्ये जुन्या गाडीची किंमत, एक्सचेंज बोनस आणि नव्या गाडीवरची रोख सूट हे तीन आकडे वेगवेगळे, लेखी मागा. एकत्र सांगितले की बोनस वाढवून गाडीची किंमत पाडलेली कळत नाही. जुन्या गाडीचा नो-क्लेम बोनस (विम्याचा क्लेम न केल्याची सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी दिल्याचा कागद विमा कंपनीला देऊन आधी प्रमाणपत्र घ्या आणि नव्या पॉलिसीत लावा. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सूट मिळते. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवा, मगच गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. नागपुरातल्या जुन्या गाड्या छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगावलाही जातात आणि परराज्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी लागते. नाव बदलेपर्यंत चलानं तुमच्याच मोबाईलवर येतात, म्हणून ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती चावी देतानाच हातात घ्या.