खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका: वाकडच्या फ्लॅटमध्ये माझे ३५,५०० रुपये गेले

परवा कॉलेजच्या एका ज्युनिअर मुलीने मला चार फोटो पाठवले. "ताई, हा फ्लॅट बघ ना, बाणेरला आहे, फक्त ११ हजार म्हणतायत." तिसरा फोटो उघडला आणि माझे हातपाय गार पडले. बाल्कनीत पांढरं स्टूल, त्यावर निळ्या बादलीत लावलेली तुळस, मागे दांडीवर पिवळा टॉवेल. हीच तुळस मी डिसेंबर २०२४ मध्ये बघितली होती. तेव्हा ती वाकडला होती.

तिला लगेच फोन लावला. तिने अजून काही भरलं नव्हतं. तिला जे बोलले तेच इथे सविस्तर लिहितेय. आठव्या सेमिस्टरच्या इंटर्नशिपसाठी जानेवारीत पुण्यात येणारे सगळे याच दिवसांत खोल्या शोधत असतात, आणि हे फसवणारे लोकही याच दिवसांची वाट बघत असतात.

मी लातूरजवळच्या गावची. हिंजवडीच्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, रुजू व्हायची तारीख ६ जानेवारी. परीक्षा २७ डिसेंबरपर्यंत. मधे पुण्याला जाऊन खोली बघायला वेळच नव्हता. हिंजवडीला ऑफिस म्हटल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, लांब राहू नकोस, भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य जाईल. म्हणून वाकड. मी आणि माझी मैत्रीण मिळून घेऊ, असं ठरलं.

एका ग्रुपवर जाहिरात दिसली. फर्निचरसकट वन बीएचके, भाडं ११ हजार, डिपॉझिटही एकाच महिन्याचं, ब्रोकर नाही. (नंतर मी स्वतः वाकडमध्ये फिरले तेव्हा तसल्या फ्लॅटला १८-२० हजारांच्या खाली कुणी बोलायला तयार नव्हतं. हा भाव मी आधी चार ठिकाणी विचारला असता तर तिथेच शंका आली असती.) मेसेज केला तर पाच मिनिटांत फोन. माणूस हिंदीत बोलणारा, आवाज शांत, दर वाक्याला "बेटा". म्हणाला, मी लष्करात आहे, आत्ताच राजस्थानला बदली झाली, फॅमिली सोबत नेतोय, फ्लॅट चांगल्या मुलींनाच द्यायचाय. न मागता आधार कार्ड, गणवेशातला फोटो आणि लष्करी कॅन्टीनचं कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवलं.

या कार्डांनीच मी फसले. आमच्या भागात घराघरातून पोरं सैन्यात आहेत. माझा चुलतभाऊ आहे. सैन्यातल्या माणसावर संशय घ्यायचा हे मनातच येत नाही. पुढे पोलिसांनी सांगितलं की ती कार्डं कुणा दुसऱ्याचीच असतात, कुणाला तरी आधी फसवून मिळवलेली. माझंही आधार मी त्याला 'ॲग्रीमेंटसाठी' पाठवलं होतं. ते आता कुणाला मालक म्हणून दाखवलं जात असेल, या विचाराने अजून झोप उडते.

२६ डिसेंबरला पैशांचं सुरू झालं. आधी म्हणाला, सोसायटीचा गेट पास काढावा लागेल, २,५०० रुपये, आत गेल्यावर परत मिळतात. पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं ते कार्डावरचं नव्हतं. मी विचारलं. "बेटा, वो हमारे अकाउंट्स वाले हैं." मी गप्प बसले. यूपीआयवर पैसे जायच्या आधी बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते यासाठीच असतं. समोरचा सांगतो ते नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळलं नाही की तिथेच थांबायचं, त्याने दिलेलं कारण कितीही पटणारं असलं तरी.

मग डिपॉझिट. म्हणाला, आधी १० रुपये पाठवून बघा, आमच्या सिस्टीममधून २० परत येतील. पाठवले, आणि खरंच २० आले. ते २० रुपये बघून माझी उरलीसुरली भीती गेली. ११,००० पाठवले. दहा मिनिटांनी फोन: रक्कम अडकली, 'एंट्री मॅच होत नाही', परत ११,००० टाका, दोन्ही मिळून परत येतील. तेही टाकले. मग त्याने क्यूआर कोड पाठवला. हा स्कॅन करा, रिफंड जमा होईल, पिन टाकल्याशिवाय रिलीज होत नाही. मी घाबरून रडकुंडीला आले होते, दुसऱ्या दिवशी पेपर होता, तो फोन ठेवूच देत नव्हता. पिन टाकला. आणखी ११,००० गेले.

पैसे येताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात, एवढंच. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असून मला हे त्या क्षणी आठवलं नाही, कारण तो विचार करायला सवडच देत नव्हता.

एकूण ३५,५००. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण आमचं सोयाबीन आडतीवर ४,२०० नेच गेलं. म्हणजे जवळपास साडेआठ क्विंटल सोयाबीनचे पैसे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिवाळीनंतर ते पैसे माझ्या खात्यावर टाकताना विचारलंसुद्धा नव्हतं की कशाला किती लागणार.

आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. मला २६ तारखेलाच संध्याकाळी कळून चुकलं होतं. पण अण्णांना काय तोंड दाखवू म्हणून मी कुणालाच बोलले नाही. तो अजूनही फोनवर "चोवीस तास में आ जाएगा" म्हणत होता, ते खरं मानून बसले. २९ ला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगेसकट त्या सोसायटीच्या गेटवर उभी राहिले.

वॉचमन काकांनी रजिस्टर पुढे केलं. मी फ्लॅट नंबर लिहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रजिस्टर परत स्वतःकडे वळवलं, दोन पानं मागे गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तोच फ्लॅट नंबर, दुसऱ्या मुलीचं नाव. म्हणाले, "पोरी, त्या फ्लॅटात सात वर्षांपासून एकच कुटुंब राहतंय. ह्या महिन्यात तू तिसरी." त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "घरी फोन कर आधी."

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "तू कुठं आहेस, जेवलीस का?" आणि मग, "पोलिसांना सांगितलं का?"

१९३० वर फोन केला तेव्हा चौथा दिवस उजाडला होता. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथे असेपर्यंत ते गोठवता येतात. हे लोक काही तासांत एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवून एटीएममधून काढतात. माझे ४,२०० रुपये तेवढे होल्ड झाले. ते परत मिळवण्यासाठी कोर्टात केलेला अर्ज चालू आहे. पहिल्या तासात फोन केला असता तर शेवटचे ११,००० तरी बहुधा वाचले असते, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. फोन करताना प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा, बँकेलाही लगेच कळवा, आणि चॅट डिलीट करू नका. मी लाजेपोटी अर्धं चॅट उडवलं होतं.

पहिले पाच दिवस मी मैत्रिणीच्या मावशीकडे काढले आणि पायी फिरून खोली शोधली. वाकडला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने, जागा मिळाली, महिना ७,५००, दोन वेळचं जेवण. काकूंनी आधी आत नेऊन कॉट, बाथरूम, गॅलरी दाखवली, मागितल्यावर महावितरणचं बिल काढून दिलं, मगच पैसे घेतले. पूर्ण फ्लॅट घेणार असाल तर महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचा ठसा घेणारं मशीन घेऊन घरी येतो. लष्करातल्यांचा करार वेगळा असतो म्हणून सांगतात तसलं 'आर्मी फॉरमॅट' वगैरे काही नसतं.

ज्युनिअरला सांगितलंय, आधी ये, खोली मग. ती शनिवारी रात्री निघतेय. काकूंना विचारून माझ्या खोलीत चार रात्री गादी टाकायची सोय केलीय. रविवारी अकरा वाजता आम्ही मारुंजी रोडवरची पहिली जागा बघायला जाणार आहोत.