५३,१०० रुपयांत जोडलेला माझा पहिला गेमिंग पीसी: सात महिने वापरल्यानंतर

मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे पार्ट्स बघण्याआधी एक्सेल उघडलं आणि वर एकच आकडा टाकला: ५५,०००. २०२४चा दिवाळी बोनस आणि जुना लॅपटॉप विकून आलेले पैसे मिळून तेवढेच होते. मॉनिटर घरात होता, २४ इंची, १०८०पी (फुल एचडी). पुढची सगळी निवड त्या मॉनिटरवरूनच ठरली.

सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड पक्कं केलं आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवलं. एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबी, १९,५०० रुपये. जवळपास तेवढ्याच पैशांत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० मिळत होतं आणि दुकानदार तेच पुढे करत होते, पण १०८०पीवर ६६०० सरळ सरळ जास्त फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) देतं. रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या दाखवण्यात, मात्र ते कमी पडतं. मी ते बंदच ठेवते. सायबरपंक हा गेम हाय सेटिंगवर साठ फ्रेम्सच्या आसपास चालतो आणि व्हॅलोरंट दोनशेच्या वर जातो. मला आणखी काही नको.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, ९,८०० रुपये. सहा कोअर, बारा थ्रेड. नवीन एएम५ सॉकेटचा प्रोसेसर घ्यायचा मोह झाला होता, पण त्याला डीडीआर५ रॅम लागते, मदरबोर्डही महाग, आणि तो फरक कार्डच्याच पैशांतून गेला असता. बोर्ड बी५५०, ८,६००. बी४५० स्वस्त पडत होता, पण दुकानात पडून असलेल्या जुन्या बोर्डाला ५६०० ओळखायला आधी बायोसचं (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट लागू शकतं. शिवाय ६६०० कार्ड बोर्डाशी डेटा नेण्याआणण्याच्या आठच लेन वापरतं, त्यामुळे त्या लेन जास्त वेगवान असलेला, म्हणजे पीसीआयई ४.०चा बोर्ड बरा. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, ३,१००. सोळाची एकच पट्टी घेऊ नका, ड्युअल चॅनेलचा (दोन पट्ट्या एकाच वेळी वापरण्याचा) फायदा जातो. स्टोरेजसाठी एक टीबी एनव्हीएमई एसएसडी ४,९००, पुढून जाळी असलेला कॅबिनेट ३,२००.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्ट्सना वीज पुरवणारा डबा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्या दुकानात मला आधी विचारलं, "मॅडम, भावासाठी घेताय का?" मग कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फ्री देऊ केला. मी खोका उघडायला लावला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट, पण ८० प्लसचा (वीज कमी वाया जाते याचा) शिक्का नाही, वजनाला हलका, आणि कार्डला लागणारी ८-पिन वायरच नाही. कार्ड जोडायला कन्व्हर्टर लावू म्हणाले. वीस हजारांचं कार्ड कन्व्हर्टरच्या भरवशावर? मी तिथून निघाले. पुढच्या गल्लीतल्या काकांनी न सांगता ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस काढून समोर ठेवला, ४,००० रुपये, पाच वर्षांची वॉरंटी. माझं कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर ६५चा, म्हणजे ५५० पुरून उरतो. पार्ट कुठेही घ्या, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. कच्च्या बिलावर वाचलेले पैसे वॉरंटीच्या वेळी दामदुपटीने जातात.

ग्रँट रोडहून बोरिवली स्लो लोकलने कॅबिनेट मांडीवर घेऊन घरी आणला. जोडणीला रविवारचा अख्खा दिवस गेला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर इवलासा सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचा. तो आपल्या वजनानेच आत बसतो, दाबायचं अजिबात नाही. कूलर बसवताना बोर्डावरचे प्लॅस्टिकचे ब्रॅकेट काढावे लागतात, आणि ते काढताच मागची पट्टी निसटून पडते. आईने ती खालून धरली आणि मी स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळले.

सुरू केला तर पंखे फिरले, स्क्रीन काळी. पाऊण तास सगळं तपासलं. एचडीएमआय वायर मी बोर्डाला लावली होती. ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टमधून काहीच दिसत नाही. वायर कार्डला लावली आणि बायोस उघडला. तिथेच एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं, नाहीतर ३२००ची रॅम माझ्याकडे २४००वरच चालत होती. हे कुणी आपणहून सांगत नाही.

तक्रार एकच, प्रोसेसरबरोबर आलेल्या कूलरची. हिवाळ्यात ठीक होता. मे महिन्यात आमच्या पश्चिमेच्या खोलीत गेम सुरू असताना प्रोसेसर ८५ अंशांवर जायला लागला आणि पंख्याचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू यायचा. कार्ड मात्र त्याच खोलीत सत्तरीच्या पुढे फारसं गेलं नाही. बजेटमधले १,९०० उरले आहेत, त्यातून टॉवर कूलर घेणार आहे. त्यासाठी काकांच्याच दुकानात जाईन.