नेरुळ–उरण लोकल: खाजणातला लोहमार्ग
१२ जानेवारी २०२४ ला लोकल खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत गेली. सेवा चांगलीच; हार्बरपेक्षा फेऱ्या फार कमी, तेव्हा वेळापत्रक पाहूनच निघा.

खाजणातल्या मार्गाची खरी परीक्षा पावसाळ्यात. भराव खचतो, खडीत चिखल भरला की पाणी निचरत नाही. मग ट्रॅक सर्किटचा, म्हणजे रुळांवर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या विद्युत मंडलाचा, प्रवाह ओल्या खडीतून एका रुळावरून दुसऱ्यावर गळतो, रिले (त्या प्रवाहावर चालणारा स्विच) पडतो आणि मार्ग मोकळा असूनही सिग्नल लाल! याला पर्याय ॲक्सल काउंटर: तो मार्गाच्या एका तुकड्यात आत गेलेले आणि बाहेर पडलेले ॲक्सल (चाकांच्या जोड्यांचे आस) मोजतो, त्याला ओल बाधत नाही. पण मोजणी चुकली तर रीसेट होईपर्यंत गाड्या रखडतात. शिवाय तुटलेला रूळ त्याला कळत नाही. त्यामुळे रुळांची अल्ट्रासोनिक तपासणी आणि खडीची चाळणी वेळेवर व्हायलाच हवी.